बॉल पुढंच टाक

शिरूर कासारच्या आम्रपाली ओव्हाळला गावात लोक ओळखायचे ते तिच्या पळण्यावरून. आई सुरेखाबरोबर ती बाजारात भाजी घेत असली, की एखादा म्हातारा थांबून विचारायचा, ही तीच ना, बॉलमागं पळणारी? सुरेखा अंगणवाडी सेविका. गावातली निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेलेली, पण आता तिलाही लोक 'पळणाऱ्या पोरीची आई' म्हणू लागले होते. तिला ते आवडायचं आणि थोडं अवघडल्यासारखंही व्हायचं.

शाळेत असताना पोरांनी मैदान क्रिकेटला घेतलेलं होतं. सामानाच्या खोलीत एक जुना फुटबॉल पडून होता, तो नव्या क्रीडाशिक्षकांनी हवा भरून पोरींना दिला. आम्रपालीचं फुटबॉलशी नातं जुळलं ते एवढ्यावरच. बॉल थांबवणं तिला फारसं जमत नसे, डावा पाय तर जवळजवळ शोभेचाच होता. पण उजव्या बाजूला मोकळी जागा दिसली की ती निघायची, आणि एकदा निघाली की मागच्या पोरी थोड्याच वेळात पळणं सोडून द्यायच्या. त्या उभ्या राहून बघायच्या. पळताना कसं वाटतं असं कुणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. हात कसा हलतो हे सांगता येत नाही तसंच ते होतं.

वडील आबासाहेब एसटीत ड्रायव्हर. पोरीची मॅच माजलगावला असली की ते माजलगावची फेरी मागून घ्यायचे. राज्याच्या ज्युनिअर स्पर्धेत तिने मारलेल्या एका गोलचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये होता. जिल्ह्यातल्या कुठल्याही बसस्थानकातल्या चहावाल्याला विचारा, त्याने तो पाहिलेला असणार.

त्या गोलचा पास रुचिकाचा होता. रुचिका माजलगावची. तिचे वडील अमरनाथअप्पा, मोंढ्यात त्यांचं अडतीचं दुकान. जिल्ह्याच्या संघात दोघी भेटल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात एकमेकींशी धड बोलल्याही नव्हत्या. पण खेळताना काहीतरी जुळलं. रुचिका पळायची कमी आणि बघायची जास्त. ती बॉल आम्रपालीला कधी देतच नसे. आम्रपाली जिथे नाही तिथे, पुढच्या रिकाम्या जागेत टाकायची. समोरच्या संघाला वाटायचं पास चुकला. तोवर आम्रपाली तिथे पोचलेली असायची.

बारावीनंतर अमरनाथअप्पांचं म्हणणं होतं की पोरीने माजलगावातच शिकावं. ते एक मॅच बघायला आले, मॅच संपल्यावर परत गेले आणि दुसऱ्या दिवशी बीडच्या कॉलेजचा प्रवेश करून दिला. दोघींना हॉस्टेलला एकच खोली मिळाली. बद्रीनाथ सर तिथले प्रशिक्षक. सर सगळ्यांना सांगायचे, या दोघी विद्यापीठाच्या संघात जाणार, पुढचं पुढे बघू.

आणि मग कोल्हापूरची ती मॅच झाली.

आम्रपालीला कुणीही धक्का दिला नव्हता. तिचं सगळं पळणं मुरुमावर आणि सिंदफणा नदीच्या कोरड्या वाळूत झालेलं. तिथे दाट, ओलं गवत होतं. रुचिकाने बॉल पुढे टाकला, आम्रपालीने वळण घेतलं, पाय गवतात रुतून तिथेच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्याच्या आत काहीतरी सुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. पडल्या पडल्या तिने पाहिलं, बॉल हळूहळू घरंगळत रेषेबाहेर चालला होता आणि त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. मग पलंग, मग काठी, मग भिंतीला धरून व्यायाम. सुरेखा अंगणवाडी सुटली की तडक घरी यायची आणि पोरीच्या घोट्याखाली उशी ठेवून समोर बसायची. दुखलं तरी आम्रपाली रडत नसे. एकदाच रडली. मांडीला साडीची पट्टी गुंडाळून बघितली तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा केवढी बारीक झालीय ते तिला दिसलं होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी गुडघा हलवून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, पक्का झालाय, खेळ. आबासाहेबांनी डेपोत पेढे वाटले.

सरावाच्या पहिल्या दिवशी तिला फक्त आनंद होता. बुटांचा वास, घाम, रुचिकाची हाक. वेगाचा विचारही मनात आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला. तिसऱ्यात ती वाट बघू लागली. बद्रीनाथ सर म्हणाले, येईल, अंगाला सवय लागू दे. तिने सवय लावली. पायऱ्या चढली, कमरेला टायर बांधून ओढला, मांड्या पहिल्यासारख्या भरल्या. गुडघा दुखत नव्हता, सुजत नव्हता. पण मोकळी जागा दिसली की ती निघायची आणि जे मागून येऊन तिला उचलायचं ते यायचं नाही. ती नुसती पळत असायची, इतर पोरी पळतात तशी.

लंगडत असती तर लोकांना दाखवता तरी आलं असतं. मॅच बघायला आलेले लोक म्हणायचे, पोरगी बरी झाली की. तिला वाटायचं यांना सांगावं, नाही झाली. पण काय नाही झालं, हे कुठे बोट ठेवून सांगणार?

दुपारी हॉस्टेलच्या खोलीत ती वडिलांनी पाठवलेला तो गोलचा व्हिडिओ बघायची. गोलापर्यंत जायचीच नाही. त्याआधीचा तुकडा, ज्यात ती मधल्या रेषेवरून निघते, तेवढाच पुन्हा पुन्हा. त्या पोरीचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच सुटतो. तिची मान जराही हलत नाही. आम्रपाली तिच्याकडे असं बघायची, जसं लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीच्या फोटोकडे बघावं. हीच आपण, हे तिला माहीत होतं. पण त्या पोरीला काय येत होतं, हे तिला आता आतून आठवत नव्हतं.

आबासाहेब रोज फोन करायचे. जेवलीस का विचारायचे, आणि मग, पहिल्यासारखं झालं का. होतंय, असं ती म्हणायची. एक दिवस त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. आईने बजावलं असणार, हे तिने ओळखलं. त्यानंतर फोनवर जेवणाचं बोलून झालं की एक गप्प जागा यायची आणि दोघंही तिथून वळसा घालून जायचे.

हिवाळ्यात मात्र तिचा खेळ सुधारला. सरावात बॉल सुटेनासा झाला, पास चुकेनासे झाले. सर म्हणाले, चांगली खेळायलीस. ती दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी मैदानात उभी असताना तिच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत एकही बॉल आपल्या पुढे पडलेला नाही. सगळे पायात आलेत. नेमके, मऊ, पायाशी आणून ठेवल्यासारखे.

त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीपाशी रुचिका तोंड धूत होती. आम्रपाली तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तू मला पायात बॉल द्यायलीस."

रुचिकाने नळ बंद केला. ओढणीने तोंड पुसायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. "मंग कुठं देऊ?"

"पुढं. पहिलं द्यायचीस तिथं."

"पोचशील?"

"न्हाई पोचणार. पण पळंन तर. तू पायात दिलं की मी उभीच राहती, वाट बघत."

रुचिका म्हणाली, "मी ठरवून न्हाई केलं गं. तू पोचत न्हाईस, ते माझ्या पायाला माझ्याआधी कळलं."

ते खरं होतं. रुचिकाला दया आली असती तर तिच्यावर रागावता आलं असतं. पण तिचा पाय तर जे आहे तेच बघून बॉल टाकत होता. आम्रपाली टाकीच्या कठड्याला टेकली.

"बॉल पुढंच टाक," ती म्हणाली. "मी पोचंपर्यंत टाक."

रुचिकाने वचन दिलं आणि पाळलं. दुसऱ्या दिवसापासून बॉल पुन्हा रिकाम्या जागेत पडू लागले आणि रेषेबाहेर जाऊ लागले. संघातल्या पोरी कुरकुरायला लागल्या. सर रुचिकावर चिडायचे, हिला झालंय काय म्हणायचे. रुचिका खाली मान घालून ऐकून घ्यायची आणि पुढचा बॉल पुन्हा तिथेच टाकायची. आम्रपाली प्रत्येकामागे जीव खाऊन पळायची. कधी बॉल फार लांब राहायचा, कधी थोडक्यात सुटायचा. त्या थोडक्यावर ती पुढचे दोन-तीन दिवस काढायची.

उन्हाळ्याआधी विद्यापीठ संघाची निवड संभाजीनगरला होती. पोरींचे दोन संघ करून मॅच खेळवणार होते आणि त्यातून नावं काढणार होते. आबासाहेब रजा टाकून आले आणि कुंपणाच्या जाळीला लागून उभे राहिले. पोरीने त्यांना पाहिलं हे दिसल्यावर ते मुद्दाम दुसरीकडे बघू लागले.

पहिल्या हाफात रुचिकाने तिला चार-पाच वेळा बॉल टाकला. सगळे पुढे. आम्रपाली एकालाही पोचली नाही. एका वेळी ती इतकी जवळ गेली की बुटाचं टोक लागलं असं तिला वाटलं, पण बॉल निसटला. तो आणायला ती रेषेपाशी गेली तेव्हा निवड करणारे दोघे तिच्या पाठीमागेच बसलेले होते. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता की त्या मधल्या पोरीला खेळ दिसतो, पण तिला अंतराचा अंदाज नाही, सगळे पास वाया घालवते, तिला नको.

मधली पोरगी म्हणजे रुचिका.

आम्रपालीने बॉल समोरच्या संघातल्या पोरीकडे फेकला आणि रुचिकाकडे पाहिलं. तिचे केस कपाळाला चिकटले होते. थोड्या वेळाने बॉल रुचिकाकडे आला तेव्हा डाव्या बाजूला एक खेळाडू पूर्ण मोकळी होती, हात वर करून मागत होती. रुचिकाला ती दिसली होती. तरी तिने बॉल उजवीकडे, आम्रपालीच्या पुढे टाकला. आम्रपाली पळाली. पळतानाच तिला कळलं की हा बॉल आपल्याला मिळणार नाही, आणि त्याचबरोबर रुचिकाची निवडही जाणार आहे.

हाफटाइमला पोरी पाणी पीत होत्या. आम्रपाली रुचिकाच्या शेजारी जाऊन बसली.

"पायात दे आता."

"तूच तर म्हणलीस..."

"आता म्हणायली, पायात दे. न्हाईतर डावीकडं दे."

रुचिकाने बाटली खाली ठेवली. "आन् तुझं?"

"माझं मी बघंन."

दुसऱ्या हाफात रुचिका मोकळी झाली. बॉल डावीकडे गेले, मधून गेले, आणि जेव्हा उजवीकडे आले तेव्हा पायात आले. आम्रपालीने ते थांबवले, वळवले, परत दिले. तिने एकही चूक केली नाही आणि कुणाच्या लक्षातही राहिली नाही. रुचिकाच्या दोन पासांवर गोल झाले. संध्याकाळी नावं वाचली त्यात रुचिकाचं होतं. ते ऐकल्यावर रुचिका आधी आम्रपालीला शोधायला लागली. आम्रपालीने तिला मिठी मारली आणि खरंच तिला आनंद झाला. तो ओसरल्यावर खाली जे होतं ते तसंच होतं.

बीडला परतताना बाप-लेक एसटीत प्रवासी म्हणून बसले. आबासाहेबांना प्रवासी म्हणून बसायची सवय नव्हती, प्रत्येक वळणाला त्यांचा पाय ब्रेक दाबायचा. गेवराई आली तेव्हा म्हणाले की दुसऱ्या हाफात चांगलं खेळलीस.

"पहिल्या हाफात मी पळत होते, पप्पा."

"बघितलं मी." "एकदा लई जवळ गेलतीस."

आम्रपालीने तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांनी ते पाहिलं होतं. सगळ्या मैदानात त्यांनी एकट्यांनी.

नंतर बद्रीनाथ सरांनी तिला बोलावून घेतलं. ते म्हणाले की मागे, बचावात खेळ, तिथे तुला जागा देता येईल. तिने विचारलं, वेग परत येतो का, सर? काहींचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो, काहींचा येत नाही, तुझं मला माहीत नाही, खोटं सांगणार नाही, असं सर म्हणाले. ती विचार करून सांगते म्हणाली आणि सुट्टीला घरी निघून आली. पुढचे काही महिने तिने सरांना काहीच कळवलं नाही. रुचिका आधी शिबिराला आणि मग स्पर्धांना गेली. तिचे फोन यायचे. ती तिथल्या, उजव्या बाजूने खेळणाऱ्या पोरीचं सांगायची, चांगली पळते म्हणायची, आणि मग विषय बदलायची.

दिवाळीनंतर माजलगावला स्पर्धा भरली. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी मिळून भरवलेली, तालुक्या-तालुक्यातल्या पोरींची. शिरूरच्या संघात दोन जागा रिकाम्या होत्या, कारण दोन पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. संघाच्या पोरी घरी आल्या आणि म्हणाल्या, ताई, तुमी मागं उभ्या राहा नुसत्या. आम्रपाली गेली. अमरनाथअप्पांनी तिला बघून स्वतःची खुर्ची दिली. रुचिकाचं नाव त्यांनी काढलं नाही, चहा मात्र दोनदा पाजला.

समोर चकलांब्याचा संघ होता. त्यांच्यात माया नावाची एक किडकिडीत पोरगी होती, अकरावीतली, ढगळ्या जर्सीतली. तिच्या पळण्याकडे आम्रपाली पहिल्यापासूनच बघत होती. मायाचा पाय जमिनीला लागला न लागला तोच सुटायचा. दोनदा ती आम्रपालीच्या बाजूने निघून गेली आणि दोन्ही वेळा गोल थोडक्यात हुकला. आम्रपाली मागे उभी राहून बघत राहिली. हेवा नव्हता तो. भूक लागलेली असताना शेजारच्या घरातून भाकरीचा वास यावा तसं काहीतरी होत होतं.

तिसऱ्यांदा बॉल मायाच्या पुढे, रिकाम्या जागेत पडला. माया निघाली. आम्रपाली तिच्या मागे होती, चांगलीच मागे. या वेळी तिने विचार केला नाही. गोल वाचवायचा एवढंच डोक्यात होतं. मधे कुठेतरी मैदान तिच्या पायाखालून सरकू लागलं. मायाची पाठ जवळ आली, खांदा आला, आणि आम्रपालीने पाय लांब करून बॉल बाहेर ढकलला. दोघी पडल्या.

मायाने तोंडातली माती थुंकली आणि तिच्याकडे बघितलं. "कुठून आलात तुमी? मला वाटलं मागं कुणीच न्हाई."

आम्रपाली उठली. ती उरलेली मॅच खेळली, पण तिला काही दिसत नव्हतं. नंतर दोनदा तशीच वेळ आली. दोन्ही वेळा ती पळाली, आणि दोन्ही वेळा नुसतीच पळाली.

मॅच संपल्यावर चकलांब्याच्या पोरी जीपपाशी जमल्या. आम्रपाली मायाजवळ गेली आणि म्हणाली, माझ्यासंगं एकदा पळतेस का, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत. मायाला आधी थट्टा वाटली. मग तिने पिशवी खाली ठेवली.

दोघी पळाल्या. अर्ध्या मैदानापर्यंत माया तिच्या बाजूला होती. मग ती सुटली आणि आधी पोचली. आम्रपाली गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिली. अजून एकदा, ती म्हणाली. पण जीपचा हॉर्न वाजला. मायाने पिशवी उचलली, चार पावलं गेली आणि मागे वळली.

"ताई, तुमी पहिलं लई पळत होता का?"

"हो."

"दिसतंय," माया म्हणाली आणि जीपकडे पळाली.

मैदान रिकामं झालं. पोरं खुर्च्या गोळा करत होती, रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. आम्रपालीच्या मोबाइलवर रुचिकाचा फोन येऊन गेलेला होता. तिला काय सांगायचं, हे आम्रपालीला ठरवता येईना. आलं म्हणावं, तर आलं नव्हतं. नाही म्हणावं, तर मायाची पाठ जवळ येत गेलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. ते एकदा आलं होतं म्हणजे कुठेतरी होतं. की गोल वाचवायच्या घाईत तसा भास झाला? विचारायला, तिचं पळणं ओळखणारा कुणी साक्षीदारही नव्हता. माजलगावची फेरी आज मिळाली नव्हती, आबासाहेब परळीच्या फेरीवर होते.

तिने मोबाइल बॅगेत टाकला आणि पहिली गोष्ट ठरवली. बद्रीनाथ सरांना कळवायचं, की मागे खेळते. मागे खेळलं तर पुढे पळणाऱ्या पोरी रोज समोर असतील, आणि त्यांच्या मागे पळायला मिळेल. मग तिने बुटांच्या लेस सोडून पुन्हा घट्ट बांधल्या, रेषेवर जाऊन उभी राहिली आणि उजेड होता तोवर पळत राहिली.